घाम न आलेली जागा

दलसिंगच्या दंडावरचा चट्टा मी पुसून टाकला. औषधाने नाही, औषध द्यायचा मला अधिकारच नाही. मी फक्त फोटो काढला आणि त्या फोटोत चट्टा उरला नाही.

माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची, पद 'टेलिमेडिसिन सहायक'. पद मोठं, काम सोपं. धडगावच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यांवर मोटारसायकल न्यायची, कातडीचा आजार असलेल्यांचे फोटो काढायचे, ॲपमधले चार प्रश्न विचारायचे आणि रेंज सापडेल तिथून सगळं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. तिथे गायत्री मॅडम नावाच्या त्वचेच्या डॉक्टर बसतात. त्या फोटो बघून उत्तर देतात. खरुज, नायटा, गजकर्ण असली दुखणी घेऊन माणसाला दोन दिवस मोडून खाली उतरावं लागत नाही.

ऑफिसने दिलेला टॅब डिसेंबरात माझ्यासकट घाटात पडला. मी उठलो, तो उठला नाही. म्हणून नवा येईपर्यंत माझ्याच फोनवर काम चालू होतं. त्याच महिन्यात मी सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आलो होतो. तिथे एका पांढऱ्या घोड्याशेजारी उभं राहून फोटो काढताना कॅमेऱ्यातली चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी ब्युटीची पट्टी मी शेवटपर्यंत सरकवली, कारण घरात माझ्या लग्नाचा विषय निघालेला होता. आईने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हाई तू शे का? घोडा वळखाई ऱ्हायना, तू नई." म्हणजे घोडा ओळखू येत होता, मी नाही.

पट्टी तशीच राहिली. जानेवारीच्या शिबिरात दलसिंगचा फोटो मी त्याच कॅमेऱ्याने काढला. ॲपला पेशंटचा चेहरा लागतो, म्हणून डावा दंड गालाजवळ धरायला सांगितलं. फोनने चेहरा ओळखला, दंडही चेहऱ्यातच धरला आणि दोन्हीकडे आपली कला दाखवली. तासाभराने मॅडमचं उत्तर आलं. फोटोत चट्टा दिसत नाही, त्वचा निरोगी वाटते, कोरडेपणासाठी खोबरेल लावावं. खाली आणखी एक ओळ होती, ती मी वाचून दाखवली नाही. पुढचं खरजेचं पोर रडत होतं आणि मला घाई होती.

दलसिंगला शिबिरात आणलं होतं रूपलीबाईंनी.

रूपलीबाई पाड्याच्या आशा कार्यकर्त्या, वय चाळिशीच्या आसपास. शिक्षण आश्रमशाळेत सातवीपर्यंत. सतरा वर्षांपूर्वी गावसभेत आशा निवडायची होती तेव्हा लग्न झालेल्या बायकांत सही येणाऱ्या त्या एकट्याच होत्या, म्हणजे निवडणूक बिनविरोध. त्यांच्या बोलीत तुम्ही-बिम्ही फार चालत नाही. त्या मला तू म्हणतात, तालुक्याच्या डॉक्टरला तू म्हणतात, एकदा पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही म्हणाल्या, "साहेब, तू आधी पाणी पी." साहेब पाणी प्यायले.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगतात. पहिल्या वर्षी एका घराने बाळाला लस द्यायला दार उघडलं नाही. रूपलीबाई अंगणात बसल्या. तिथे तूर पडली होती, ती झोडायला लागल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या आणि उरलेली झोडली. तिसऱ्या दिवशी पाखडायला सूप मागितलं, तेव्हा सासूने सूप आणि बाळ दोन्ही बाहेर आणून दिलं. मी त्यांना विचारलं होतं, तूर संपली असती आणि दार उघडलं नसतं तर? म्हणाल्या, त्यांची मकाही बाकी होती.

तर दिवाळीनंतर दलसिंग त्यांच्या घरी बसला होता. चुलीवरचा तवा सरकवायला त्याने डावा हात घातला आणि काढलाच नाही. रूपलीबाईंना वास आला, मग त्याला कळलं. बावीस वर्षांचा गडी, हसून म्हणाला, हात जाड झालाय, ऊस तोडून तोडून. रूपलीबाई हसल्या नाहीत. त्याला डोळे मिटायला लावले आणि दंडावर, कोपराच्या जरा वर, तळहाताएवढी फिकी जागा होती तिथे पेनाचं टोक टेकवलं. कुठे टेकलं ते बोटाने दाखव म्हणाल्या. त्याने दाखवलं नाही. शेजारच्या कातडीवर टेकवलं, लगेच दाखवलं. हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. कुष्ठरोग हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. वेळेवर गोळ्या मिळाल्या तर हा आजार पूर्ण बरा होतो हे त्यांना माहीत होतं. शब्द ऐकून लोक आधी काय करतात हेही माहीत होतं.

आणि मी खोबरेल सांगून मोकळा झालो.

दलसिंगचा बाप आमशा तोंडाचा तिखट. त्याने बाजाराच्या दिवशी चार माणसांत सांगितलं की रूपलीने माझ्या पोराला रोगी केलं आणि फोनने बरं केलं. लोक हसले. अंगावर चट्टे असलेल्या दोन बायका रूपलीबाईंना दंड दाखवणार होत्या, त्यांनी बाह्या खाली ओढल्या. दलसिंग दोन दिवसांत टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला निघून गेला. ऊस तोडताना उजव्या हातात कोयता असतो आणि डाव्यात ऊस. डाव्याला कळतच नसेल, तर कोयता कुठे थांबतो हे हाताला रक्त बघूनच समजणार. रूपलीबाईंना रात्रंदिवस तेच दिसत होतं. मला काहीच दिसत नव्हतं, कारण माझ्या फोनमध्ये सगळं निरोगी होतं.

फेब्रुवारीत त्यांच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. उपकेंद्राच्या भिंतीसमोर उभं करून मी काढला आणि दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला.

"माझं गोंदण कुठंय?"

रूपलीबाईंच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरव्या ठिपक्यांचं गोंदण आहे. फोटोत हनुवटी गोरी आणि साफ होती. उजेडाचं काहीतरी असेल, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "चार बायांनी धरून ठेवलं होतं मला हे गोंदताना. उजेडाने जात असतं तर मी उन्हात बसले असते."

मग त्यांनी स्वतःचा हात चेहऱ्याजवळ धरला आणि पुन्हा फोटो काढायला लावला. हातावरचं गोंदणही फिकं झालं. मी पट्टी खाली ओढली आणि परत काढला, तर सगळे ठिपके जागेवर. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट होतं. दलसिंगचं उत्तर दाखव म्हणाल्या. बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेल्या आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"शंका असल्यास पुन्हा फोटो पाठवावा. हे तू वाचलं नव्हतं."

"नाही."

"मला शंका होती."

एवढंच बोलून त्यांनी फोन परत दिला आणि मुकादमाचा नंबर कुणाकडे मिळेल ते विचारायला बाहेर पडल्या.

दलसिंगचा फोन बंद होता. मुकादम शांतीलालचा लागला. टोळी होळीला घरी येणार, होळीच्या तिसऱ्या दिवशी परत ट्रकमध्ये बसणार, मधे सोडणार नाही, असं त्याने सांगितलं. म्हणजे आमच्या हातात तेवढेच दिवस. मी गायत्री मॅडमना सगळं लिहून कळवलं. घोड्याचा भाग गाळला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. फोटो नको, व्हिडिओ कॉल करा. बुधवारी दुपारी एक ते दीड, त्यानंतर माझी ओपीडी आहे.

टोळी सोमवारी आली. रूपलीबाई ट्रक थांबतो तिथपर्यंत खाली चालत गेल्या. पण दलसिंग ट्रकमधून उतरला तो सरळ पाळणीत बसला.

पाळणी म्हणजे होळीचं व्रत. ते घेतलेल्याला बावा म्हणतात. बावा होळीपर्यंत खाटेवर झोपत नाही, स्वतःच्या हाताने रांधून खातो, अंगाला राख फासतो आणि पाणी लावत नाही. बाईचा स्पर्शही चालत नाही. दलसिंगने पाच वर्षांचं बोललेलं होतं, त्यातलं हे तिसरं. रूपलीबाई स्वतः त्याच मातीतल्या, व्रत मोड असं त्या म्हणणारच नव्हत्या. पण इकडे चट्टा राखेखाली गेलेला, तिकडे डॉक्टर दोनशे कोसांवर आणि तपासणारी बाई दहा हात लांब. हात लावू शकणारा माणूस उरला एकच, तो म्हणजे मी.

पाळणीचे नियम सांभाळतो पाड्याचा पुजारा वीरसिंग. वयाचा अंदाज येत नाही, नजर मात्र घारीची. बुधवारी सकाळी रूपलीबाई मला घेऊन त्याच्या अंगणात गेल्या. आमशाही तिथेच बसला होता, आमच्याकडे पाठ करून. रूपलीबाईंनी मला पुढे केलं आणि बोल म्हणाल्या. मी म्हणालो, काय बोलू? म्हणाल्या, जे झालं ते.

मी उभ्या उभ्या सांगितलं. चट्टा होता, फोनने पुसला, चूक डॉक्टरची नाही, रूपलीबाईंची नाही, माझी. उत्तरातली एक ओळ मी वाचली नाही, हेही सांगितलं. माझ्या मराठीचं रूपलीबाई त्यांच्या पावरी बोलीत करून सांगत होत्या आणि माझ्या वाट्याचं एकही विशेषण गाळत नसाव्यात, कारण मूळ बोलण्यापेक्षा भाषांतर लांब होतं. आमशाने ऐकून घेतलं. मग मान न वळवता म्हणाला, "दोन महिने माझा पोरगा कोयत्याखाली हात धरून होता."

रूपलीबाई वीरसिंगला एकेक नियम विचारायला लागल्या, वकिलासारख्या. पुरुषाने हात लावला तर? चालतो. पेन टोचलं तर? पुरुषाच्या हातात असेल तर चालतं. तेवढ्या जागेला ओला कपडा? नाही. कोरडा कपडा? राख त्याची आहे, दुसऱ्याने पुसायची नाही. मग रूपलीबाईंनी विचारलं, "घाम आला तर?"

वीरसिंग हसला. बावाला घाम येणार नाही तर कोणाला. नाचून नाचूनच तर राख उतरते.

"मग त्याला नाचव."

ते सोपं नव्हतं. मोठा ढोल ठरलेल्या दिवसाआधी खाली उतरवत नाहीत. उतरवायचा तर ज्याच्यामुळे उतरला त्याने होळीला तो ढोल स्वतःच्या गळ्यात अडकवून होळीभोवती पाच फेऱ्या घालायच्या. कोणामुळे उतरतोय, असं वीरसिंगने विचारलं. रूपलीबाईंनी नुसती मान माझ्याकडे वळवली. मी ढोलाकडे पाहिलं. तो आडवा ठेवला तर त्यात मी आणि माझा फोन दोघंही झोपू शकलो असतो. मी हो म्हणालो.

रेंज मिळते ती पाड्याच्या वरच्या टेकडीवर, मोहाच्या एका झाडाखाली. तिथे उभं राहिलं की फोन आधी गुजरातेत स्वागत करतो, मग मध्य प्रदेशात, आणि दोघांचं भागलं की महाराष्ट्राचं एक टिंब दाखवतो. आम्ही साडेबाराला तिथे होतो. वीरसिंग, आमशा, ढोल घेऊन दोघं जण आणि राखेने पांढरा झालेला दलसिंग. रूपलीबाई पायवाटेच्या पलीकडे दगडावर बसल्या, दहा हात मोजून.

ढोल वाजला. मार्चचं ऊन, सपाट खडक, आणि दलसिंग नाचायला लागला. पाच मिनिटांत कपाळावरून धार लागली. पंधरा मिनिटांत पाठ, खांदे, छाती काळीभोर चमकायला लागली, राखेचे ओघळ कमरेपर्यंत आले. एक वाजला. मी कॉल लावला. दोनदा तुटला, तिसऱ्यांदा गायत्री मॅडम दिसल्या. मी दलसिंगला थांबवलं, आणि कॅमेरा डाव्या दंडाजवळ नेला.

सगळा दंड धुऊन निघाला होता. फक्त जी जागा आम्हाला हवी होती तिथेच राख जशीच्या तशी. तळहाताएवढी, पांढरी, कोरडी. माझ्या नशिबाचा मला एवढा राग आला की मी खिशातला रुमाल काढला. नियम गेला खड्ड्यात, असंच डोक्यात होतं.

"थांबा," फोनमधून मॅडम म्हणाल्या. "पुसू नका. हात लावू नका. ती जागा तशीच दाखवा. अजून जवळ."

मी जवळ नेला.

"बाकी सगळीकडे घाम आहे आणि तिथे नाही?"

"नाही मॅडम. तेवढी राहिली. पाच मिनिटं अजून नाचवू का?"

"काही गरज नाही. तिथे घाम येणारच नाही. त्या जागेच्या नसा काम करत नाहीत, म्हणून ती कोरडी आहे. मला हेच बघायचं होतं." मग विचारलं, "ही नाचवायची कल्पना कोणाची?"

मी फोन वळवून पायवाटेपलीकडे दाखवला. रूपलीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना घाम एवढ्यासाठी हवा होता की राख निघेल. राख न निघण्यातच उत्तर असेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण त्यांनी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरकी केली, दोन बायकांच्या धाकात. एक फोनमधून सांगायची, दुसरी दगडावरून. पेनाचं टोक टेकव, दाबू नको. त्याचे डोळे मिटलेत का बघ. आमशा, तू खुणा करू नको. कोरड्या जागेत मी सहा वेळा टेकवलं, दलसिंग सहाही वेळा गप्प. मग मॅडमनी कोपराच्या मागच्या खाचेत बोट फिरवायला सांगितलं. उजव्या कोपरात मला काही विशेष लागलं नाही. डाव्यात नस दोरीसारखी लागली, आणि दाबताच दलसिंगने हात मागे ओढला. शेवटी त्याच्या करंगळी आणि शेजारच्या बोटात कागदाचा तुकडा धरायला दिला. उजव्या हातातून कागद मला ओढून निघेना. डाव्यातून नुसता आला, झाडावरून पान सुटावं तसा.

आमशा ते बघत होता. त्याने तो कागद माझ्या हातातून घेतला, पोराच्या बोटांत परत ठेवला आणि स्वतः ओढून पाहिला. दोनदा पाहिला.

मॅडमनी सगळं स्पष्ट सांगितलं. आजार कोणता ते नावानिशी सांगितलं, तो पूर्ण बरा होतो हेही सांगितलं. बारा महिन्यांची पाकिटं घ्यायची. नसेला सूज आहे, तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या, आणि त्या उद्याच सुरू व्हायला हव्यात. आता सुरू केल्या तर बोटं वाचतील, अजून एक हंगाम गेला तर वाकतील ती सरळ होणार नाहीत. आणि तोपर्यंत या हाताने कोयत्याचं काम नाही. एक सव्वीसला रेंज गेली.

दलसिंगने पहिली गोष्ट विचारली ती गोळ्यांनी पाळणी मोडते का. वीरसिंगने विचार केला. पाणी अंगाला लागायचं नाही, पोटात गेलं तर चालतं, असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी राखेसकट त्याला तपासलं, मॅडमचं लिहिलेलं वाचलं आणि पहिला डोस समोर बसवून दिला. शांतीलालला फोन रूपलीबाईंनीच केला. तो आधी बराच तापला. त्या ऐकत राहिल्या आणि तो दम घ्यायला थांबला की प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणत राहिल्या, दलसिंग येणार नाही. सात-आठ वेळा झाल्यावर त्याने दुसरा माणूस शोधला. तूर झोडणारी बाई कशी असते हे त्याला कोणी आधी सांगितलं नसावं.

बाजाराच्या दिवशी आमशाने पुन्हा चार माणसं जमवली. काय बोलला ते मला कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात त्या दोन बायका स्वतःहून रूपलीबाईंच्या दारात आल्या, बाह्या वर करून. एकीचा नायटा निघाला. दुसरीचं दलसिंगसारखंच होतं, पण अगदी सुरुवातीचं. तिच्या फोटोआधी रूपलीबाईंनी माझा फोन मागून घेतला आणि आधी स्वतःच्या हनुवटीचा एक काढून बघितला. आता प्रत्येक शिबिरात तसंच करतात. ठिपके मोजतात, मग पेशंट.

होळीला मी गेलो. ढोल गळ्यात अडकवला. पहिली फेरी मी पुरी केली, असं मी म्हणतो. वीरसिंग म्हणतो की शेवटच्या चार पावलांत ढोलानेच मला नेलं. दुसऱ्या फेरीत माझे गुडघे वळले, तेव्हा गर्दीतून आमशा आला, पट्टा माझ्या मानेवरून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. मला वाटलं झालं, फिटलं. वीरसिंगने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की ज्याची चूक त्याचीच फेरी, आमशाची धरली जाणार नाही, अर्धवट फेरीही नाही; उरलेल्या पुढच्या होळीला.

दलसिंगचं आता अकरावं पाकीट चालू आहे. नसेच्या गोळ्या कधीच संपल्या. चट्ट्याला रंग यायला लागलाय, पेन टेकवलं तर दोनातून एकदा सांगतो. डाव्या बोटांत कागद धरतो. मी ओढतो, तो सोडत नाही, आणि मग मला हसतो. करंगळी अजून पुरती सरळ होत नाही. ती आधी होती तशी होईल की नाही, हे मॅडम सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

करार मला आणखी अकरा महिने मिळालाय, नवा टॅबही आलाय. गेल्या मंगळवारी पाड्यावर चढलो तर दलसिंग वाटेतच शेळ्या घेऊन उभा होता. राम राम केला नाही. डावा हात वर करून अंगठा मुडपला आणि चार बोटं दाखवली. करंगळी जराशी मागे राहिली होती, पण चार व्यवस्थित मोजता येत होती. मी म्हणालो, माहीत आहे रे, होळी अजून लांब आहे. तो म्हणाला, वीरसिंगने ढोलाला नवं कातडं चढवलंय. आधीपेक्षा जड झालाय.